काचेचं पोतं न्यायला ये

एमएच ४५ पासिंगच्या पांढऱ्या गाडीतल्या गड्या,

माझ्या नातीच्या टाचेला तीन टाके पडले. दिवाळीच्या सुट्टीत, गोव्यात कुळे गावाजवळ, दूधसागर नदीच्या घोटाभर पाण्यात ती चालत होती. तिच्या पायात घुसलेली काच तुझ्या बाटलीची होती. आदल्या संध्याकाळी त्याच जागी बाटल्या फोडताना मी तुला डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून हे खात्रीनं लिहितो.

तुझं नाव मला ठाऊक नाही. गाडीचा नंबर ठाऊक आहे, पण तो इथं देत नाही. तुझ्या दारात चार लोक आणून उभे करावेत असं माझ्या मनात नाही. तुला अरे-तुरे करतोय, कारण तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस आणि आपल्याकडचा आहेस. एमएच ४५ म्हणजे अकलूजचं आरटीओ. त्यात माळशिरस आलं, पंढरपूर आलं, मंगळवेढा आलं, म्हणून आधी मी मनाची समजूत घालत होतो की हा आपल्या सांगोल्याचा नसेल. धबधब्यासमोर उभा राहून तू ‘काय झाडी, काय डोंगार’ असं ओरडलास, ते तर २०२२ पासून अख्खा महाराष्ट्र ओरडतो. पण मग तू सोबत्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणालास, “आरं, ह्यातलं निम्मं पाणी आपल्या माण नदीला आलं तर?” तेव्हा मात्र समजूत घालायला जागा उरली नाही. आणि खरं सांगू, त्या क्षणी तू मला आवडला होतास. मीही वर बघत तोच हिशेब करत होतो.

ते वाक्य तू बोलला नसतास, तर हे पत्र मी लिहिलं नसतं. पाणी म्हणजे काय हे माहीत नसलेल्या माणसावर मी शाई खर्च केली नसती. तुला माहीत आहे. दुपारी माहीत होतं आणि संध्याकाळी तू त्याच पाण्यात काच फोडलीस. याचा जाब मी मागतोय.

आम्ही सहा जण होतो. मुलानं एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची घरगाडी केली आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते होतं. मागच्या सीट काढून झोपायला फळ्या टाकल्या, एका अंगाला गॅसची शेगडी बसवली, आणि शंभर लिटरची पाण्याची टाकी. जत, अथणी, गोकाक, बेळगाव, मग खानापूर, लोंढा आणि अनमोडचा घाट उतरून मोले, असे आम्ही आलो. शंभर लिटर सहा माणसांत वाटलं की काय होतं, हे सांगोल्याच्या माणसाला मी काय सांगू? सकाळी तोंडाला एक तांब्या. ताटं आधी कागदानं पुसायची, मग अर्ध्या तांब्यात विसळायची. खरकटं पाणी गाडीखालच्या कॅनमध्ये धरायचं आणि ओढ्यापासून लांब, झाडाच्या बुडाशी ओतायचं. पहिल्या दिवशी सून म्हणाली, “बाबा, आपण सहलीला आलोय का चारा छावणीत?” दुसऱ्या दिवसापासून नातच तांब्या मोजून द्यायला लागली. नऊ वर्षांची पोर. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

कुळ्यातून जीपनं जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं दहा-बारा किलोमीटर, वाटेत नदीचे उतार ओलांडत. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात त्या जीप सुरू होतात. पुढं दगडांतून पायी. झाडी एकाएकी उघडते आणि ते दिसतं. तीनशे दहा मीटर उंचीवरून, गोवा आणि कर्नाटकच्या हद्दीवरून, चार टप्प्यांत कोसळणारं पाणी आणि त्याच्या छातीवरून गेलेला रेल्वेचा पूल. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. चौतीस वर्षं तालुक्यातल्या शाळांत मुलांना भूगोल शिकवला, फळ्यावर खडूनं सह्याद्री काढला, पश्चिमेकडं सरी आणि पूर्वेकडं पर्जन्यछाया असं शेकडो वेळा बोललो. पर्जन्यछाया म्हणजे काय हे मला त्या दिवशी समजलं. सगळं इथंच पडून जातं. आपल्या वाट्याला जे येतं ते यातून उरलेलं.

मग आगगाडी आली. घाटाचा चढ सदतीसास एक, त्यामुळं मागं जादा इंजिनं लावून गाडी हळूहळू पुलावर येते. १८८८ मध्ये हा मार्ग मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत सुरू झाला, पोर्तुगिजांची हद्द आणि इंग्रजांची हद्द जोडायला. डब्यांच्या दारांत माणसं लटकलेली, खाली आम्ही सगळे हात हलवतोय, आणि माझी नात डबे मोजतेय. आमच्या जीपवाल्यानं तिला दूधसागर नावाची गोष्ट सांगितली होती. राजकन्या तळ्यात न्हात असताना कुणी परपुरुष डोकावला, तेव्हा लाज राखायला तिनं घागरभर दूध ओतलं आणि त्याचा पडदा झाला. नात मला विचारत होती, की आजोबा, ते दूध अजून संपलं कसं नाही? तेवढ्यात तुझ्या सोबत्यांनी शांपूच्या पुड्या फोडल्या आणि डोहाच्या काठाला फेस आला. पुड्या दगडाच्या फटीत खोचल्या. तिनं तो फेस पाहिला आणि प्रश्न तिथंच सोडून दिला.

त्याच डोहाकाठी, अंग पुसताना, तू पावसाळ्यातला पराक्रम सांगत होतास. रुळांवरून चालत आलो होतो, पोलिसांना चुकवून, बोगद्यातून. आजूबाजूची चार पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. त्यांना मी इथं सांगतो. जुलै २०२३ मध्ये एका रविवारी याच रुळांवर रेल्वे पोलिसांनी ट्रेकला आलेल्या लोकांना धरून ओळीनं उठाबशा काढायला लावल्या होत्या, ते चित्रण देशभर फिरलं. रेल्वे कायद्याचं कलम १४७ लागतं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उठाबशा काढणाऱ्यांचा लोकांनी खेळ केला हे मला पटलं नाही, पण अरुंद घाटात, धुक्यात, मागून येणारं इंजिन ऐकू येऊ न देणाऱ्या पाण्याच्या आवाजात पोरांना रुळांवर चालायला शिकवणारा माणूस मला त्याहून पटत नाही. एखाद्या इंजिनचालकाला आयुष्यभर झोप लागू नये अशी तुझी इच्छा आहे का? हे विचारून पुढं जातो, कारण मला संध्याकाळबद्दल बोलायचंय.

कुळ्याला परतल्यावर आमची गाडी गावाबाहेर एका झाडाखाली लागली होती, तुमची शंभर पावलांवर, नदीला अगदी लागून. तुम्ही चूल मांडली. गोव्यात २०१९ मध्ये कायदा दुरुस्त करून पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणं, स्वयंपाक करणं आणि बाटल्या फोडणं यांना दंड ठेवला होता, एकट्याला दोन हजार, टोळक्याला दहा हजार. तुझ्या बोलण्यावरून ते तुलाही माहीत होतं, कारण “पावती फाडली तर बघू, वाटून घेऊ” असं तूच म्हणालास. दहा हजारांत पाच जण, म्हणजे डोईला दोन हजार. नदीची किंमत तू एवढ्यावर बसवलीस.

मग प्रवाहातल्या एका काळ्या दगडावर तुम्ही रिकाम्या बाटल्या मांडल्या आणि काठावरून दगड मारायला लागलात. तुझा नेम चांगला आहे. मी मोजलं, सात बाटल्या, आणि तुझा एकही दगड वाया गेला नाही. प्रत्येक बाटली फुटली की हशा, आणि काच पाण्यात. नेमच धरायचा होता तर आपल्या शिवारात वेड्या बाभळीची खोडं थोडी आहेत का? धमक दाखवायची होती तर मे महिन्यात गावात टँकर आल्यावर त्याला गराडा घालून उभ्या असलेल्या बायकांच्या घागरीवर दगड मारून दाखव. तिथं तुझा हात उचलायचा नाही, हे तुला माहीत आहे आणि मलाही. परमुलुखातल्या नदीवर उचलला, कारण तिथं तुला ओळखणारं कुणी नाही असं वाटलं. मी होतो.

आणि मी गप्प बसलो. हे लिहिताना हात जड होतो. तुम्ही पाच जण होतात, प्यालेले होतात, मुलानं माझा दंड धरून “बाबा, नको” म्हटलं आणि मी गाडीत जाऊन दिवा घालवला. त्या रात्री उठून बोललो असतो तर सकाळचे टाके टळले असते की नाही, ते सांगता येत नाही. पण गप्प बसलो हा माझा दोष आहे. तो मी मान्य करतो आणि मगच तुझ्याकडं वळतो.

ते पाणी कुठं जातं, याचा पत्ता तू काढला होतास का? ही दूधसागर नदी पुढं खांडेपार नदीत जाते. खांडेपारच्या काठी ओपा इथं पाणी उचलून शुद्ध करतात आणि ते फोंडा तालुक्यात आणि पणजीच्या बाजूला तिसवाडीत घरोघर नळानं जातं. म्हणजे तू शांपूचा फेस काढलास आणि काच फोडलीस ती कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर. पुढं खांडेपार मांडवीला मिळते, जिला घाटावर म्हादई म्हणतात. त्या म्हादईच्या पाण्यासाठी तीन राज्यं भांडतात. २०१० मध्ये लवाद नेमला गेला, ऑगस्ट २०१८ मध्ये त्यानं निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, आपल्या महाराष्ट्राला १.३३. निवाड्यानंतरही वाद मिटलेला नाही. आपल्याला मिळालेला तो दशांश चिन्हानंतरचा तेहेतीस बघ. एकेका थेंबासाठी वकील उभे राहतात त्या खोऱ्यात आपला एक माणूस जातो आणि दगडानं बाटली फोडतो. उद्या आपण पाण्याचा हक्क मागायला उभे राहिलो आणि समोरच्यानं तुझ्या त्या सात बाटल्या दाखवल्या, तर आपल्या बाजूनं कोण बोलेल?

तुझ्याच वयाची गोव्यातली मुलंमुली २०२० मध्ये याच मोलेच्या जंगलासाठी उभी राहिली. चित्रं काढून, पत्रं लिहून, रात्री रुळांजवळ मेणबत्त्या लावून. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इथल्या रेल्वे दुहेरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. विकास कुठला हवा, कुठला नको, यावर माझं नि तुझं मत वेगळं असू शकेल. पण ती पोरं ज्या जमिनीसाठी जागली, तिथंच तू पाहुणा म्हणून गेला होतास. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान मिळून दोनशे चाळीस चौरस किलोमीटर. रात्री त्याच उतारावर गवे पाणी प्यायला येतात. त्यांच्या खुरांत काच गेली तर टाके घालायला कुणी नसतं.

आता आपल्या घरचं बोलू. १९७२ मध्ये मी चौदा वर्षांचा होतो. माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथं सुकडी मिळायची. संध्याकाळी ती माणच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झरा करायची आणि वाटी-वाटीनं घागर भरायची. एका घागरीला दीड तास. वाटी खाली आपटली तर पाणी गढूळ व्हायचं, म्हणून ती हात हळूच काढायची, झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालचा हात काढावा तसा. पाण्याशी वागायची ती रीत होती. कुणी लिहून दिलेली नव्हती, पण आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक घरात होती. तुझ्या आजीलाही येत असणार. तिला विचार.

तू म्हणशील, ते जुनं झालं. बरं, २०१९ चं घे. त्या उन्हाळ्यात तालुक्यात छावण्या उघडल्या होत्या, माणसं जनावरांशेजारी खाटा टाकून झोपत होती. तू तेव्हा चोवीस-पंचवीसचा असशील. तुमच्याही दावणीची गुरं तिथं असणार, आणि नसली तर शेजाऱ्याची असणार. लोकांनी विकतच्या टँकरनं डाळिंबाच्या बागा जगवल्या. झाडाला किती लिटर, किती मिनिटं, कुठली नळी बंद, कुठली चालू. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते अशा मोजलेल्या पाण्यावर. ठिबकची नळी उंदरानं कुरतडली तर तू रात्री बॅटरी घेऊन बागेत धावत असशील. शेततळ्याच्या कागदाला भोक पडलं तर तुझ्या बापाला जेवण जात नसेल. मग दुसऱ्याच्या नदीला भोकं पाडताना तुझा घास कसा काय गिळला?

गणपतराव देशमुखांना, आपल्या आबासाहेबांना, सांगोल्यानं अकरा वेळा विधानसभेत पाठवलं. ३० जुलै २०२१ रोजी ते गेले. कुणाला त्यांचा लाल बावटा पटला असेल, कुणाला नसेल. पण पाण्यासाठी १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांत त्यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांचा आवाज उठवला. कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून टेंभू योजनेतून या कोरड्या मुलखाकडं आणायचं, हे स्वप्न दोन पिढ्यांनी पाहिलं. म्हातारी माणसं एसटीनं मोर्चाला जायची, धडप्यात भाकरी बांधून. मीही गेलोय. ज्या माणसांनी पाणी वर चढावं म्हणून उन्हात दिवस काढले, त्यांच्या पोटचा तू आहेस. दूधसागरावर पाणी फुकट खाली येतं म्हणून ते कमी किमतीचं झालं का?

सकाळी सातला नात पाय धुवायला उतरली. ओरडली नाही. पाणी लाल झालं तेव्हा आम्हाला कळलं. काल गोष्ट सांगणारा जीपवालाच धावत आला, त्यानं रुमाल बांधला, तोच आम्हाला दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी भिंगातून बघत बघत काच काढली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, तीन टाके घातले आणि सहज विचारलं, “कुठून आलात?” गड्या, माझ्या तोंडून सांगोला हे नाव निघेना. मी म्हणालो, सोलापूरकडून. उभ्या जन्मात मी माझ्या गावाचं नाव कधी लपवलं नव्हतं.

तुम्ही पहाटेच निघून गेला होतात. परत आल्यावर मी, मुलगा आणि तो जीपवाला असे तिघं पाण्यात उतरलो. वाकून, तळवे सपाट ठेवून, दगडाखाली चाचपत. पांढरी काच पाण्यात दिसत नाही, हिरवी आणि तपकिरी दिसते, म्हणून मुलानं खडकावर आडवं होऊन तळाला टॉर्च मारला. तीन तास लागले. जीपवाल्याचा एका फेरीचा धंदा बुडाला. पैसे देऊ केले तर त्यानं घेतले नाहीत, उलट म्हणाला, “आमची नदी आहे, तुम्ही का लाजता?” त्याला उत्तर तू द्यायचं होतंस. सगळी काच निघाली असं मी म्हणणार नाही. निघाली तेवढी खताच्या रिकाम्या पोत्यात भरली, शांपूच्या दोन पुड्याही सापडल्या, त्या वर टाकल्या, आणि पोतं घरगाडीत ठेवून आम्ही ते सांगोल्याला आणलं. अनमोडच्या घाटात प्रत्येक वळणाला ते खळखळत होतं आणि नात पाय उंच धरून फळीवर पडली होती.

टाके परवा काढले. ती बरी आहे, जरा लंगडते. पुढच्या सुट्टीत पुन्हा नदीवर जायचं का विचारलं तर म्हणते, चप्पल घालून.

पोतं माझ्या गोठ्यात आहे, पेंडीच्या पोत्याशेजारी, तोंड सुतळीनं बांधलेलं. ते तुझं आहे. रविवारी जनावरांच्या बाजाराला तुझ्या घरचं कुणी ना कुणी येतच असेल, येताना घेऊन जा. मात्र दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस, तू स्वतः ये. कुणी तुझ्या अंगावर येणार नाही, चहा मिळेल. नात घरी असेल, तिच्याशी काय बोलायचं ते येतानाच ठरव. आणि पोतं उचलताना जपून, खालच्या बाजूला दोन तुकडे बाहेर आलेत.

तुझ्याच गावचा,
एक निवृत्त शिक्षक, सांगोला